अगुइजे म्हणजे पुरे

दर रविवारी दुपारी लिब्रादा ओवेलारच्या मुलीचा पुतळा व्हायचा. मालागाहून सुनिल्दाचा चेहरा कॉम्प्युटरच्या पडद्यावर यायचा, "आई, कशी आहेस?" एवढं विचारायचा, आणि तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला, अशा अवतारात थिजून जायचा. लिब्रादा पडद्यासमोर हात हलवायची, डब्यावर थाप मारायची, आधी त्याच्याशी गोडीगुलाबीनं बोलायची, मग शिव्या द्यायची. डबा आपला घरघरत राहायचा. शेवटी ती प्लग काढायची आणि त्याच्यावर स्वतः शिवलेली फुलाफुलांची खोळ घालून टाकायची, म्हणजे निदान तो दिसायचा तरी नाही.

कॉम्प्युटर सुनिल्दाचाच. स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची देखभाल करायच्या कामाला गेली तेव्हा तो आईच्या शिवणयंत्राशेजारी मांडून गेली. हे बटण दाबायचं, मग हे हिरवं चिन्ह, की मी दिसेन, एवढंच तिनं आईला शिकवलं होतं. लिब्रादानं ते इमानेइतबारे केलं. पण आता सुनिल्दा गरोदर होती, एप्रिल संपता संपता बाळ येणार होतं, आणि लिब्रादाचा जीव टांगणीला लागला होता. विमानानं जाणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. नात दिसलीच तर ती ह्याच डब्यात दिसणार होती.

आणखीही एक सल होता, आणि तो जुना होता. लिब्रादाची भाषा ग्वारानी, आमच्या पाराग्वेची मूळची बोली. ती भांडायची ग्वारानीत, हसायची ग्वारानीत, देवाकडे गाऱ्हाणंही ग्वारानीतच न्यायची. पण ती शाळेत होती त्या काळी ग्वारानीतला एक शब्द तोंडातून निसटला की बाई खडेमिठावर गुडघे टेकून बसवायच्या. मीठ गुडघ्यात रुतलं की धडा बरोबर लक्षात राहतो. म्हणून सुनिल्दा झाली तेव्हा तिनं नवऱ्याला बजावलं, आपण दोघं काय वाटेल ते बोलू, पोरीशी मात्र स्पॅनिशच. नवरा बिचारा पोरीशी कमी कमीच बोलायला लागला, कारण स्पॅनिशमध्ये त्याला विनोद जमायचे नाहीत. तो लवकर गेला. पोरगी शिकली, तिचे गुडघे शाबूत राहिले. पण मायलेकींचं बोलणं कायम इस्त्री केलेलं, ताठ. आता नातीशीही आपण असंच ताठ बोलणार का, हा विचार लिब्रादाला शिवता शिवता मध्येच टोचायचा.

बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं डबा उघडून पाहिला आणि नातेवाइकांना बाहेर बोलावणाऱ्या डॉक्टरसारखं तोंड केलं. "न्या लिब्रादा," तो म्हणाला, कारण आमच्या पिरिबेबुईत वयाच्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायची पद्धत नाही, "ह्यातली सिस्टीम जुनी झाली, आणि नवी ह्याला पेलवत नाही. फेकून द्या."

"तुझ्या आजोबांना फेकलंस का रे?" असं म्हणून ती डबा उचलून घरी घेऊन आली.

सुटका झाली ती मिर्ना काबान्यासमुळे. मिर्ना माध्यमिक शाळेत गणित शिकवायची आणि झगे शिवून घ्यायला लिब्रादाकडे यायची. बाहीचं माप देताना तिनं खोळीखालचा डबा पाहिला, कहाणी ऐकली आणि म्हणाली, "शनिवारी शाळेत घेऊन या. आमची मंडळी जमणार आहेत. ह्याच्यातली जुनी सिस्टीम काढून मोकळी सिस्टीम घालू, लिनक्सच्या घराण्यातली. जुन्या यंत्राला ती मानवते."

"आणि पैसे?"

"फुकट."

लिब्रादाच्या तोंडातल्या टाचण्या तशाच राहिल्या. "फुकट? निवडणूक आहे की काय?"

"नाही हो. ती कुणा एकाच्या मालकीचीच नाही. जगभरातली माणसं थोडी थोडी करतात आणि सगळ्यांना वाटतात."

"आणि त्यांच्या पोटाचं काय? हात वर कर, प्रोफे, काखेत आवळतंय." लिब्रादाचा विश्वास अजिबात बसला नव्हता. पण बुडत्या माणसानं दोरीची किंमत विचारत बसू नये एवढं शहाणपण तिला होतं.

शनिवारी सकाळी शेजारच्या काराई सेफेरिनोनं, बायांना न्या तसं पुरुषांना काराई, आपली विटा वाहायची हातगाडी आणली. दोघांनी डबा आणि पडदा गादीत गुंडाळून तिच्यात ठेवला, वर फुलांची खोळ घातली, आणि मंडळी निघाली. सेफेरिनो हा आमच्या गल्लीतला सगळ्यात आगाऊ माणूस, आणि मदतीलाही सगळ्यात आधी तोच.

चर्चच्या कोपऱ्यावर चिपा, म्हणजे चीजचे पाव, विकणारीनं हाक मारली, "आज कुठल्या संताची मिरवणूक गं?"

"संत घरघर!" सेफेरिनो ओरडला. "नवस बोलून घे, अजून चमत्कार व्हायचाय!"

"तू गाडी नीट ढकल," लिब्रादा म्हणाली. "दगडावरून आपटलीस तर तुझ्या विजारीची शिवण मी पुन्हा घालणार नाही, गावभर तसाच फिर."

शाळा तीच, मिठाची. भिंतींना नवा रंग होता आणि मोठ्या वर्गात बाकांवर ओळीनं कॉम्प्युटर मांडले होते. कुणी राजधानीहून, असुन्सिओनहून आलं होतं, कुणी पाराग्वारीहून. सगळे एकमेकांच्या डब्यांत डोकं घालून बसलेले, आणि मध्ये अर्थातच तेरेरेचं वर्तुळ. एकजण येर्बाच्या कडवट पाल्यावर थंड पाणी ओततो, शिंगाचा पेला हातोहात फिरतो, जो तो नळीनं ओढून परत देतो. लिब्रादाला जरा हायसं वाटलं. जिथं तेरेरे आहे तिथली माणसं अगदीच फसवी नसावीत.

मिर्नानं आधी डब्यातले सुनिल्दाचे सगळे फोटो दुसरीकडे उतरवून घेतले, मग एक छोटा पेनड्राइव्ह टोचला. पडदा काळा झाला, उजळला. "पहिला प्रश्न तुम्हालाच आहे," मिर्ना म्हणाली. "ह्यानं तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं? यादीतून निवडा."

लिब्रादानं माउस धरला. नावांमागून नावं सरकायला लागली. काही अक्षरं तिला ओळखीची, काही कोयरीच्या नक्षीसारखी, काही नुसत्या काड्यांची. एवढ्या भाषा जगात आहेत हेच तिला ठाऊक नव्हतं. ती स्पॅनिश शोधत होती. आणि त्या रांगेत, कुणाच्या मागं नाही की कुणाच्या पायाशी नाही, इतरांच्याच मापाच्या अक्षरांत तिला दिसलं: अवान्येए. माणसाची बोली. ग्वारानीत ग्वारानीला हेच म्हणतात.

तिचा हात थांबला. ग्वारानी वाचायला तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण अक्षर अक्षर लावून तिनं ते तोंडात घोळवलं आणि ते तिच्या आईच्या आवाजात ऐकू आलं.

"हे इथं कसं आलं?" तिनं हळूच विचारलं.

"कुणीतरी घातलं म्हणून आलं."

"सरकारनं?"

"नाही. आपल्यासारख्यांनीच."

लिब्रादानं दाराकडे एकदा बघून घेतलं. एवढ्या वर्षांनीही बाई आत येतील असं वाटलं असावं. मग तिनं ते नाव दाबलं. सगळा पडदा बदलला. वर, खाली, बटणांवर, सगळीकडे तिची भाषा. तुझं नाव सांग. गुप्त शब्द ठेव. पुढं चल. ज्या यंत्राशी ती वर्षानुवर्षं परक्या भाषेत वाद घालत होती ते घरच्या माणसासारखं एकेरीत विचारत होतं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. चर्चमध्ये घंटा वाजताना येतो तसा, पण चर्चमध्ये आपल्याला कुणी काही विचारत नाही, आणि इथं विचारत होतं. तिच्या उभ्या आयुष्यात एखाद्या शहाण्या वस्तूनं तिला तिची भाषा विचारायची ही पहिलीच खेप.

"काराई सेफे," ती म्हणाली, "इकडे ये. बघ, हे काय म्हणतंय."

सेफेरिनोनं वाचलं आणि त्याची बोलती बंद झाली. सेफेरिनोची बोलती बंद होणं हा तसा चमत्कारच, पण मिरवणुकीतल्या नवसाचं खातं त्याच्यावर मिटवणं बरं नाही.

मग काम सुरू झालं. "आता हे आपलं आपण चालेल," मिर्ना म्हणाली. "तुम्ही फक्त लक्ष ठेवा, मी पलीकडे जाऊन येते." लिब्रादा पडद्यापुढं खुर्ची घेऊन बसली. एक निळी पट्टी हळूहळू भरत होती. तेरेरेचा पेला तिच्याकडे आला, तिनं ओढला, परत दिला. पुन्हा आला, पुन्हा दिला. पट्टी अर्ध्याच्या जरा पुढं गेली असेल, तेवढ्यात पडद्यावर मोठ्या सुंदर अक्षरांत एकच शब्द उमटला: अगुइजे.

अगुइजे म्हणजे आभार. आता तेरेरेच्या वर्तुळात पेला परत देताना माणूस मुकाट्यानं देतो, त्याचा अर्थ अजून चालेल. 'आभारी आहे' म्हणून दिला की समजायचं, पोट भरलं, आता पुरे, मला ओतू नका. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आभार मानलेल्याला पुन्हा पेला देणं म्हणजे त्याच्यावर जबरदस्ती. शब्दाखाली आणखी एक बारीक ओळ होती, ही सिस्टीम निवडल्याबद्दल वगैरे, पण लिब्रादाचा चष्मा घरी शिवणयंत्रावर राहिला होता. तिनं पाहिलं, यंत्र पुरे म्हणतंय. म्हातारं आहे, अर्ध्यातच भरलं असेल पोट, आपण कशाला आग्रह करा. ती मायेनं वाकली आणि तिनं प्लग काढला.

पडदा काळाठिक्कर पडला. मिर्ना वळली ती "न्या लिब्रादाऽ!" करतच.

"आभार मानले त्यानं," लिब्रादा म्हणाली. "पुरे म्हणाला."

आधी कुणाच्या लक्षात येईना. आलं तेव्हा असुन्सिओनचे दोघं हसून हसून जमिनीवर बसले, आणि सेफेरिनो भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत उभा राहिला. मिर्नाही हसली, पण प्लग लावून बटण दाबल्यावर तिचं हसू ओसरलं. काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ आली आणि तिथंच लुकलुकत राहिली. तिनं पुन्हा सुरुवातीपासून करून पाहिलं. आता यंत्राला आपलीच डिस्क सापडेना.

"काय झालं, प्रोफे?"

"डिस्क जुनी होती. मध्येच वीज गेली, तो धक्का तिला सोसला नसावा."

लिब्रादानं बाजूला पडलेली खोळ उचलली. "माझी नात यायचीय," ती कुणाला उद्देशून नाही अशी म्हणाली. "आठवडाभरात यायचीय. आणि मी दार बंद करून टाकलं." तिनं तोंडाला पदर नसल्यामुळं ती फुलांची खोळच लावली. तिला रडताना आमच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं.

पाराग्वारीहून आलेला एक टकला गृहस्थ, नाव त्यानं सांगितलं नाही आणि नंतर कुणी विचारायचंही राहून गेलं, उठून आपल्या गाडीकडे गेला. मोडीत निघालेल्या कुठल्याशा कॉम्प्युटरमधली डिस्क घेऊन आला आणि काही न बोलता डब्याचे स्क्रू काढायला बसला. लिब्रादानं त्याला विचारलं, ह्याचं मी काय देणं लागते. तो म्हणाला, काही नाही, मलाही अशीच कुणी दिली होती. तिला ते उत्तर कळलं, आणि तरीही ती बराच वेळ त्याच्या हातांकडे बघत राहिली.

दुसऱ्यांदा काम सुरू झालं तेव्हा सेफेरिनो प्लगपाशी छातीवर हात बांधून उभा राहिला. "ह्या प्लगला हात लावायचा तर आधी माझ्याशी गाठ," तो म्हणाला. अगुइजे पुन्हा उमटलं तेव्हा सगळ्या वर्गानं एकसुरात ओरडून सांगितलं, "अजून नाही!"

"पण शब्द चुकीचाच आहे," लिब्रादा आता सावरली होती आणि तिला राग यायला लागला होता. "पाहुणा पेला अर्धा असताना उठतो का?"

"शब्द सभ्य आहे हो," मिर्ना म्हणाली. "एवढ्या लोकांनी पाहिला, प्लग कुणी नाही काढला."

"मग मी शहाणी निघाले की वेडी?"

"ते राहू द्या. तुम्ही काय म्हटलं असतंत?"

लिब्रादाला वाटलं, थट्टा चाललीय. "मी म्हणून काय उपयोग?"

"सांगितलंत तर मी कळवीन. ज्यांनी हे ग्वारानीत आणलं ती माणसं वाचतील, पटलं तर बदलतील. एनकार्नासिओनचा एक फार्मसीवाला आहे, कोरिएन्तेसची एक नर्स आहे, अजून चारसहा आहेत. ह्याला मालक नाही म्हणाले ना मी? म्हणजे दार कुणालाही उघडं आहे. तुम्हालाही."

मग तेरेरेच्या वर्तुळात जी चर्चा पेटली ती विचारू नका. कुणी म्हणालं, 'चाललंय' असं लिहा. सेफेरिनो म्हणाला, 'हात लावू नकोस बाई' असं लिहा. असुन्सिओनच्या एकानं व्याकरण काढलं, दुसऱ्यानं त्याच्या आजीचं व्याकरण काढलं. लिब्रादा ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "एहाआरोमी." थांब हं जरासा. शेवटचं ते 'मी' आमच्याकडे आर्जवाचं. आई लेकराला घास थंड होईपर्यंत थांबायला सांगते ना, तेव्हा लावते तसं. मिर्नानं तो शब्द लिहून पाठवून दिला.

संध्याकाळी संत घरघर हातगाडीतून घरी परतला, आणि आता तो घरघरत नव्हता.

रोसिओचा जन्म मंगळवारी झाला. सुनिल्दानं इस्पितळातूनच फोन लावला आणि चेहरा आला तो हलता, हसता, घामेजलेला, आणि शेवटपर्यंत हलताच राहिला. छातीशी एक लालबुंद गाठोडं. गाठोड्यानं जांभई दिली. लिब्रादाला ती जांभई पूर्ण दिसली, सुरुवातीपासून ओठ मिटेपर्यंत. समुद्रापलीकडची जांभई आपल्या शिवणयंत्राशेजारी! तिचे हात आपोआप जोडले गेले. आणि मग ती बोलली, "बाळ फार गोड आहे हो. अभिनंदन. नीट विश्रांती घ्या दोघी." स्पॅनिशमध्ये. स्वच्छ, नीटनेटकं, पोस्टातल्या बाईसारखं. फोन संपल्यावर तिनं डब्यावर खोळ घातली. यंत्र तिची भाषा बोलत होतं, आणि तीच बोलत नव्हती.

दर रविवारी असंच चाललं. गाठोडं मान धरायला लागलं, मग बसायला लागलं. लिब्रादा पडद्यासमोर मनातल्या मनात त्याला ग्वारानीत शंभर लाडाची नावं द्यायची, आणि तोंडानं स्पॅनिशमध्ये तब्येत विचारायची.

आमच्याकडे लपाचोची झाडं पिवळ्या फुलांनी भरतात त्या सप्टेंबरच्या दिवसांत मिर्ना सिस्टीमची नवी आवृत्ती घेऊन आली. "आवृत्ती बदलायला हवी. बसा समोर, पण प्लगपासून लांब." निळी पट्टी भरायला लागली. अर्ध्याच्या पुढं गेली, आणि मोठ्या अक्षरांत पडद्यावर आलं: एहाआरोमी.

लिब्रादानं चष्मा लावला होता, तरी तो काढून पुसून पुन्हा लावला.

"फार्मसीवाल्यानं लिहिलंय," मिर्ना म्हणाली, "की त्याच्या सासूबाईही त्या पडद्याला 'बरं' म्हणून उठून गेल्या होत्या. त्याला वाटलं होतं, फक्त आपल्याच सासूबाई तशा."

"हा माझा शब्द इथं माझ्याच डब्यात घातलात ना?"

"नाही हो. सगळीकडे. जो कुणी ही भाषा निवडेल त्याला हाच दिसेल."

"असुन्सिओनला?"

"असुन्सिओनला."

"मालागाला?"

"मालागाला. जपानात कुणी निवडली तर जपानात."

लिब्रादा शब्दाकडे बघत होती. ज्या तोंडाला मिठाची भीती घातली होती त्याच तोंडातून निघालेला हा शब्द, आणि आता तो कुठल्या कुठल्या घरांत अनोळखी माणसांना मायेनं जरा थांबायला सांगणार होता. तिला भीती वाटली, आनंद झाला, आणि ह्या दोन्हींहून मोठं असं काहीतरी वाटलं, ज्याला आमच्याकडेही शब्द नाही. ती म्हणाली, "प्रोफे, एवढं मोठं काही माझ्या हातून झालं नव्हतं. पोरगी सोडून."

त्या रविवारी रोसिओला ताप नव्हता, पण दात येत होता, आणि ती मालागात भोकाड पसरून रडत होती. सुनिल्दा तिला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती. "आई, आज नंतर बोलू या," ती वैतागून म्हणाली.

"दाखव तिला इकडे," लिब्रादा म्हणाली. आणि पडद्यावरच्या त्या रडव्या तोंडाकडे वाकून ती ग्वारानीत सुरू झाली. माझ्या बेडकुळे, माझ्या साखरेच्या खड्या, कुणी मारलं गं तुला, त्या दातानं ना, येऊ दे त्याला बाहेर, मग बघतेच त्याच्याकडे, एवढासा दात आणि एवढी मिजास. तिचा आवाजच वेगळा झाला होता, खालचा, खरखरीत, हसरा. तिला स्वतःलाच तो ऐकून नवल वाटलं. रोसिओ रडायची थांबली आणि तोंड उघडं टाकून आवाज कुठून येतोय ते शोधायला लागली.

लिब्रादानं पाहिलं तर सुनिल्दाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पोरी, नको का बोलू? मला वाटलं..." लिब्रादा घाईनं स्पॅनिशवर आली.

"मला सगळं कळतं, आई," सुनिल्दा म्हणाली. "तुला वाटतं मला कळत नाही. तू परसात कोंबड्यांशी अशीच बोलायचीस. मी खिडकीखाली बसून ऐकायचे. मला त्या कोंबड्यांचा हेवा वाटायचा."

लिब्रादाकडे सांगण्यासारखं मीठ होतं, शाळा होती, पण ते सुनिल्दाला ठाऊकच होतं, आणि त्यानं आता काही भरून येणार नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "तुझ्यासाठी खूप काही साठलंय गं."

सुनिल्दानं बाळाला मांडीवर घेतलं, खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि नाक पुसलं. मग आयुष्यात पहिल्यांदा तिनं आईला ग्वारानीत सांगितलं, अडखळत, उच्चार सगळे वाकडेतिकडे, "बोल. पण आधी माझ्याशी."